चढाओढ लावली कुणी?

या वेळच्या पत्रांमध्ये पगार, रजा, राजीनामा हे नेहमीचे विषय होतेच, पण ते मी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत. सहकाऱ्यांमधल्या चढाओढीवर इतकी पत्रं आलीत, की हा अंक त्यांनाच दिला. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात कारकून म्हणून लागले आणि त्याच विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. फायली आणि फायलींवरून भांडणारी माणसं मात्र पोटभर पाहिली आहेत.

ताई, नमस्कार. आठ जणांच्या विक्री टीमची लीडर म्हणून मी नुकतीच रुजू झाले. आधीच्या साहेबांनी भिंतीवर मोठा बोर्ड लावलेला आहे. त्यावर दर महिन्याला पहिला ते आठवा अशी नावं लागतात. पहिल्याला बक्षीस, शेवटच्याचं नाव लाल अक्षरात. आता पहिले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. परवा एका ग्राहकाचा फोन आला. त्याच्याशी आधी बोललेला मुलगा रजेवर होता आणि त्याने सिस्टिममध्ये एक ओळही लिहिली नव्हती. ग्राहक चिडून फोन ठेवून गेला. नंतर मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘नोंदवलं की दुसरा उचलतो.’ खालच्या चौघांनी तर हातपायच गाळलेत. एचआर म्हणतं, सगळ्यांना एक दिवस बाहेर नेऊन खेळ घ्या. वरिष्ठ म्हणतात, चढाओढ आहे म्हणूनच आकडे येतात, बोर्डाला हात लावू नका. मी कुठून सुरुवात करू?
– एक टीम लीडर

‘नोंदवलं की दुसरा उचलतो.’ तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. त्या मुलाला स्वार्थी ठरवण्याआधी एकच गोष्ट तपासा: तो खोटं बोलतोय का? बहुधा नाही. तुमच्याकडे जो नोंद करतो तो हरतो आणि जो माहिती खिशात ठेवतो तो जिंकतो. हा नियम त्या मुलाने केलेला नाही. तो भिंतीवर लिहिलेला आहे, लाल अक्षरांसकट.

पीटर ब्लाउ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका सरकारी रोजगार कार्यालयात बसून नेमकं हेच पाहिलं होतं. त्यावरचा त्याचा लेख 1954 सालचा आहे. नोकरी शोधायला येणाऱ्यांना योग्य जागी लावून द्यायचं, हे तिथल्या कर्मचाऱ्यांचं काम. रिकाम्या जागेची माहिती ज्याच्याकडे येईल त्याने ती सगळ्यांना उपलब्ध करून द्यायची, अशी पद्धत. मग कोणी किती जणांना जागी लावलं याचे आकडे ठेवायला सुरुवात झाली. एका विभागात त्या आकड्यांवरून चढाओढ लागली आणि माणसं रिकाम्या जागांची माहिती दडवू लागली. दुसऱ्या विभागात ती एकमेकांना देत राहिली. गंमत पुढे आहे. चढाओढीच्या विभागात जो जास्त दडवत होता, त्याचा स्वतःचा आकडा खरंच वर होता. पण अख्ख्या विभागाचं काम पाहिलं तर माहिती देणारा विभाग पुढे निघाला.

तुमच्या वरिष्ठांची गफलत इथेच होते आहे. त्यांना बोर्डावरचं पहिलं नाव दिसतं. बेरीज दिसत नाही. तेव्हा त्यांच्याशी चढाओढ चांगली की वाईट असा वाद घालू नका, तो तुम्ही हराल. मागच्या वर्षीची टीमची एकूण विक्री महिन्यावार काढा. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना करा: चौकशी आली, पण पुढे कोणी पाठपुरावाच केला नाही, असे ग्राहक. परवा फोन ठेवून गेलेला ग्राहक त्या रकान्यातला. ती संख्या समोर ठेवून गप्प बसा. वरिष्ठ स्वतःहून विचारतील.

आमच्या विभागातली गोष्ट सांगते, कारण ती मी जवळून पाहिली आहे. वरून हुकूम आला, की रोज प्रत्येकाने किती दावे निकाली काढले ते मोजायचं. आता दाव्यांची फाइल ही एकसारखी नसते. गाडीची काच फुटली, फोटो आहे, बिल आहे, सर्व्हेअरचा अहवाल आहे, अशी फाइल हलकी. गोदामाला आग लागली, साठ्याचं रजिस्टर अर्धं जळलं, मालक म्हणतो इतका माल होता आणि बँकेचे कागद म्हणतात तितका नव्हता, अशी फाइल जड. मोजणी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत काही जण वेळेच्या आधी यायला लागले. आम्हाला वाटलं, काय उत्साह! हे लोक येऊन आवक ट्रेमधल्या काचेच्या फायली वेचून घेत होते. पातळ फाइल हाताला लागली की कळतंच, उघडावीही लागत नाही. जड फायली तळाला जात, मग कपाटात, मग कपाटाच्या वर. ज्याला त्या जड फायली नीट सोडवता यायच्या, असा आमच्यातला सगळ्यात जाणता माणूस होता. त्याचा आकडा सगळ्यात खाली. नवी मुलं त्याला काही विचारायला गेली की तो म्हणायचा, ‘माझी आजची मोजणी तू भरून देणार का?’ चिडका नव्हता हो तो. मोजणीच्या आधी तासन्‌तास बसून शिकवायचा.

उपदेशाने यातलं काहीही सुटलं नाही. ‘आपण सगळे एक आहोत’ असं सांगणारं परिपत्रक निघालं होतं, तेही बहुधा त्या कपाटावरच गेलं. सुटलं ते साध्या गोष्टींनी. फायली आवक क्रमांकाप्रमाणे वाटायच्या, निवडायला मिळणार नाही. जड फाइल कुठली हे आधीच ठरवून तिला वेगळं वजन द्यायचं. आणि विभागाचा एक आकडा सगळ्यांचा मिळून: तीन महिन्यांपेक्षा जुनी फाइल किती उरली. हा शेवटचा आकडा एकट्या कोणालाच खाली आणता येत नव्हता. त्यामुळे विचारणं आणि सांगणं परत सुरू झालं.

आता बोर्ड. वरिष्ठ काढू देत नसतील तर आज लगेच काढू नका. पण तो दर महिन्याला नेमकं काय सांगतो ते समजून घ्या. गुणवत्तेवर आयुष्यभर काम केलेले डेमिंग आपल्या चर्चासत्रांत एक खेळ घेत. एका खोक्यात 4000 मणी, त्यांतले 3200 पांढरे आणि 800 लाल. श्रोत्यांतून काही जणांना ‘कामगार’ म्हणून पुढे बोलवायचं. त्यांनी 50 भोकांची फळी मण्यांत बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग साहेब बनून कमी लाल आणणाऱ्याचं कौतुक करत, जास्त लाल आणणाऱ्याला झापत, एखाद्याला कामावरूनही काढत. सरासरी 10 च्या आसपास लाल येणार हे खोक्यातच ठरलेलं असतं. एखाद्याला 6 आणि एखाद्याला 14 येणं हा निव्वळ योगायोग. फळी बुडवणाऱ्याचं त्यात काहीही कर्तृत्व नाही, तरी क्रमवारी लागते आणि गंमत म्हणजे खाली राहिलेल्या ‘कामगारां’चा चेहरा खरोखर पडतो.

विक्री म्हणजे मण्यांचं खोकं नव्हे, हे मला कळतं. कौशल्य असतंच. पण आठ माणसांच्या टीममध्ये एका महिन्याचा तिसरा आणि सहावा यांच्यातला फरक बराचसा कोणाच्या वाट्याला कुठला ग्राहक आला यावर असतो. मागच्या बारा महिन्यांचे बोर्ड शेजारी शेजारी मांडून पाहा. मधली नावं वरखाली उड्या मारताना दिसली तर समजा, की तुम्ही दर महिन्याला योगायोगाला बक्षीस देताय. कायम वर राहणारं किंवा कायम खाली राहणारं एखादं नाव असेल तर ते मात्र खरं आहे. कायम खाली असणाऱ्याशी एकट्याने बोला. लाल अक्षरात नाही.

माझ्या मते क्रम असा लावा. आधी ग्राहक वाटपाचा नियम जाहीर करा: कुठली चौकशी कोणाकडे जाणार, ती किती दिवस त्याची राहणार आणि कधी मोकळी होणार. नोंद केलेली चौकशी त्या मुदतीत दुसऱ्याने उचलली तर विक्री पहिल्याच्याच खात्यात, आणि मदत करणाऱ्याचं नाव वेगळ्या रकान्यात. नोंद नसलेली चौकशी मात्र कोणाचीच नाही. इतकं झालं की त्या मुलाच्या दृष्टीने नोंदवणं फायद्याचं होतं. मग महिनाभराने बोर्डावरची लाल अक्षरं काढा, त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. त्यानंतर क्रमवारीच्या जागी टीमचा आकडा लावा. प्रत्येकाचा स्वतःचा आकडा त्याला दाखवा, पण त्याच्याच मागच्या तिमाहीशी ताडून. बक्षिसाची रक्कम वाटण्याची वेळ येईल तेव्हा मोठा वाटा टीमच्या आकड्यावर आणि छोटा वैयक्तिक, असं मागून घ्या. सगळंच टीमवर टाकू नका, त्यात काम टाळणाऱ्यांचं फावतं आणि राबणारा सोडून जातो.

आणि ते खेळ. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली ओक्लाहोमातल्या एका शिबिरात 22 मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळायला निघाली. मग त्यांना नुसतं एकत्र आणून पाहिलं. जेवायला एकत्र, सिनेमाला एकत्र. भांडणं वाढली. फरक पडला तो पाण्याची टाकी बंद पडली आणि सगळ्यांना मिळून दुरुस्त करावी लागली तेव्हा, ट्रक बंद पडला आणि सगळ्यांना मिळून ओढावा लागला तेव्हा. तुमच्या एचआरला सांगा, की एक दिवस हवाच आहे, पण त्या दिवशी खेळ नकोत, त्यातही दोन संघ पाडून तर नकोतच. त्याऐवजी सगळ्यांनी बसून तो पाठपुरावा न झालेल्या ग्राहकांचा रकाना हातात घ्या आणि दोघादोघांच्या जोड्या करून फोन लावा. जोड्या तुम्ही ठरवा. ते न बोलणारे दोघं पहिल्या दिवशी एका जोडीत नकोत, इतका चमत्कार अपेक्षित धरू नये.

मॅडम, माझा एक सहकारी मीटिंगमध्ये माझं काम स्वतःचं म्हणून सांगतो. ‘आपण असं केलंय’ असं म्हणत सुरुवात होते आणि शेवटी साहेब त्यालाच शाबासकी देतात. मी भांडले तर मीच भांडखोर ठरेन. गप्प बसले तर पुढच्या वेळी पुन्हा तेच.
– एक वाचक, लेखा विभाग

मीटिंगमध्ये ‘हे माझं काम आहे’ म्हणू नका. त्या क्षणी सगळ्यांना तक्रार ऐकू येते, काम ऐकू येत नाही. त्याचं बोलणं संपलं की तुम्ही त्याच कामातलं पुढचं बोला, जे फक्त करणाऱ्यालाच माहीत असतं. ‘हो, तो ताळा लावताना मला दोन पुरवठादारांच्या नोंदी दुबार सापडल्या, त्या मी वेगळ्या काढल्यात, त्यांचं काय करायचं ते आज ठरवायला हवं.’ यात कोणावर आरोप नाही आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळतं की हात कोणाचा लागलाय.

दुसरी गोष्ट मीटिंगच्या आदल्या दिवशीची. काम झालं की साहेबांना आणि त्याला, दोघांनाही एकाच मेलवर पाठवा: ‘उद्याच्या चर्चेसाठी मी केलेला तक्ता सोबत आहे, शंका असतील तर मला विचारा.’ छापील कागदाच्या काळात आम्ही हेच काम तळाशी आद्याक्षरं आणि तारीख टाकून करायचो. त्याला कोणी आगाऊपणा म्हणत नसे.

एकदा त्याच्याशी थेट बोलाही, पण मीटिंगच्या गरमागरमीत नाही, दोन दिवसांनी. काही माणसं खरोखर लाटतात. काही माणसं नुसती बडबडी असतात, त्यांना आपण काय केलं याचा पत्ता नसतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर एका बोलण्यात सुधारेल, पुढच्या वेळी तुमचं नाव घेईल. पहिल्या प्रकारचा असेल तर निदान त्याला कळेल की तुमच्या लक्षात आलंय. आणि तुमच्या साहेबांबद्दल एक शब्द: ‘हे कोणी केलं?’ असा साधा प्रश्न विचारायची सवय ज्याला नाही, त्याच्या हाताखाली असे लोक उगवतातच.

सर/मॅडम, आमच्या कंपनीत अप्रेझलला बेल कर्व्ह आहे, म्हणजे प्रत्येक श्रेणीत किती टक्के लोक टाकायचे ते आधीच ठरलेलं. माझ्या आठ जणांच्या टीममधून मला एकाला सगळ्यात खालच्या श्रेणीत टाकावंच लागतं. या वर्षी आठही जणांनी जीव तोडून काम केलंय. त्यांना ही पद्धत माहीत आहे. त्यामुळे डिसेंबर आला की सगळे एकमेकांच्या चुका माझ्या कानावर घालायला लागतात. गेल्या वर्षी मी एकाला खाली टाकलं होतं, या वर्षी दुसऱ्याला टाकून फिरती पाळी करावी असा विचार आहे. योग्य होईल का?
– एक प्रोजेक्ट मॅनेजर

नाही. फिरती पाळी हा सगळ्यात वाईट उपाय आहे, जरी सगळ्यात दयाळू वाटत असला तरी. पाळी आहे हे दुसऱ्या वर्षी सगळ्यांना कळतं आणि मग ज्याची पाळी आलीय तो वर्षभर कशाला काम करेल? शिवाय त्याच्या नावापुढे लागलेली श्रेणी खरी मानून उद्या कोणीतरी त्याची बदली किंवा कपात ठरवेल. ‘आमच्यात तशी पाळी होती’ हे तेव्हा त्या फायलीत लिहिलेलं नसेल.

ही पद्धत गाजवली ती जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी: वरचे 20 टक्के, मधले 70, खालचे 10, आणि खालच्यांना निरोप. मायक्रोसॉफ्टकडेही अशी सक्तीची क्रमवारी होती. तिथल्या माजी कर्मचाऱ्यांनी उघडपणे सांगितलं, की हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांच्या टीममध्ये जायचं टाळायची, कारण तिथे आपण खाली पडू ही धास्ती. नोव्हेंबर 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती क्रमवारी बंद केली. हे तुमच्या एचआरला सांगून बघा, फायदा होईलच याची खात्री नाही, पण कोणीतरी सांगितलेलं असावं.

तुमच्या हातात जे आहे ते हिशेबाचं आहे. खालची श्रेणी 10 टक्के असेल तर आठ जणांचे 10 टक्के म्हणजे 0.8 माणूस. 0.8 माणसाला खाली टाकता येत नाही! प्रमाण लावायचं तर ते मोठ्या विभागाला लावा, ऐंशी-शंभर लोकांना, अशी लेखी मागणी करा. बऱ्याच ठिकाणी नियमही मुळात तसाच असतो आणि खाली येता येता कोणीतरी सोयीसाठी तो प्रत्येक टीमवर चिकटवलेला असतो. मूळ परिपत्रक मागवून वाचा. आमच्याकडे अशी निम्मी भांडणं मूळ कागद वाचूनच संपायची.

तेही नाही झालं आणि एकाला टाकणं भागच पडलं, तर निकष वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेलाच लावा. डिसेंबरमध्ये आठवून काढलेला नको. आणि त्या माणसाला स्पष्ट सांगा: ‘तुझं काम कमी पडलं म्हणून नाही, सक्तीच्या वाटपामुळे ही श्रेणी आली, आणि मी तसं लेखी नोंदवलंय.’ खरोखर नोंदवाही.

कानावर येणाऱ्या चुकांचं काय? पहिल्याच वेळी विचारा, ‘हे तू त्याला सांगितलंस का?’ नसेल तर, ‘आधी त्याला सांग, मग दोघं या.’ दोघं क्वचितच येतात.

ताई, माझ्या हाताखालच्या दोघीही बढतीला लायक आहेत आणि जागा एकच आहे. निर्णय सहा महिन्यांनी. पूर्वी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या, आता एकमेकींना फाइलही दाखवत नाहीत. मी दोघींनाही ‘छान काम करत राहा, बघू’ असं सांगून ठेवलंय.
– एक शाखाप्रमुख

त्या ‘बघू’मुळेच हे झालंय. निकष सांगितला नाही, तारीख सांगितली नाही, म्हणजे दोघी दिवसाचे आठही तास परीक्षेला बसल्यात. परीक्षक कधी बघतोय हे ठाऊक नाही, म्हणून सतत सावध. शेजारणीला फाइल दाखवणं म्हणजे उत्तरपत्रिका दाखवणं. मॉर्टन डॉइच या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्येच मांडलं होतं, की एकाचं साधणं म्हणजे दुसऱ्याचं हुकणं अशी मांडणी असली की माणसं एकमेकांशी बोलणं आणि एकमेकांना मदत करणं कमी करतात. स्वभाव कितीही गोड असोत.

याच आठवड्यात दोघींना एकत्र बसवा. जागा एकच आहे, दोघीही विचारात आहेत, या तीन-चार गोष्टी पाहिल्या जाणार आहेत आणि अमुक तारखेला निर्णय होईल, हे एकाच तोंडाने, एकाच वेळी सांगा. पाहायच्या गोष्टींत एक ही ठेवा: शाखेतल्या बाकीच्यांना त्या व्यक्तीकडून किती मदत मिळाली. आणि ती तपासा, बाकीच्यांना विचारून. नुसती यादीत लिहिली तर दोघी तुमच्यासमोर तेवढी मदत करतील.

सहा महिने खरोखर हवेत का, हेही वरच्यांना विचारा. दोघींची वर्षानुवर्षांची कामगिरी तुमच्यासमोर आहे. आणखी सहा महिन्यांत नवीन काय कळणार? बऱ्याचदा साहेबांना निर्णय अवघड वाटतो म्हणून मुदत लांबते आणि त्याची किंमत खालचे मोजतात.

निर्णय झाला की जिला मिळाली नाही तिला आधी सांगा, स्वतः, परिपत्रक निघायच्या आधी. ‘पुढच्या वेळी नक्की’ असं म्हणू नका, पुढची वेळ तुमच्या हातात नाही. तिला काय देता येईल ते आधी ठरवून जा: एखादं स्वतंत्र काम, दुसऱ्या विभागात संधी असेल तर तिथे शिफारस. तिने मागितली तर बदली द्या. मैत्रिणीच्या हाताखाली काम करणं काहींना जमतं, काहींना नाही, आणि न जमणं हा काही गुन्हा नाही. मैत्री टिकवण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घेऊ नका. तो त्या दोघींचा प्रश्न.

मॅडम, तक्रार निवारण टीममध्ये सगळ्यात जास्त केसेस मी सोडवते. म्हणून नव्या मुलांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात. शिकवलं की माझा आकडा पडतो. मागच्या अप्रेझलमध्ये साहेब म्हणाले, ‘या वर्षी थोडी घसरण दिसते.’ आता मी सरळ शिकवायला नकार देते, तर सगळे म्हणतात मी मत्सरी आहे, कोणी पुढे जायला नको म्हणून शिकवत नाही. मी खरंच मत्सरी आहे का?
– एक चिडलेली वाचक

तुम्ही मत्सरी आहात की नाही हे पत्रावरून मला कळणार नाही, आणि त्याने फारसा फरकही पडत नाही. तुमचा हिशेब बरोबर आहे. तुमच्याकडून दोन कामं घेतली आणि एकच मोजलं. आमच्या जड फायलीवाल्या माणसाचंही हेच झालं होतं.

सरसकट नकार देऊ नका. त्याने तुमच्याबद्दल जे बोललं जातंय ते पक्कं होतं. अट घाला. साहेबांकडे जा आणि विचारा: आठवड्याला किती तास शिकवायचं, आणि तेवढ्या तासांसाठी माझं टार्गेट कितीने कमी? समजा आठवड्याचे पाच तास शिकवण्यात जाणार आणि कामाचे तास चाळीस, तर टार्गेट आठव्या हिश्श्याने खाली यायला हवं. हा आकडा तुम्हीच काढून न्या, साहेबांना गणित घालायला लावू नका. ते हो म्हणाले की त्याच दिवशी मेल करा, ‘आपलं असं ठरलं.’ ते टाळाटाळ करू लागले तर शिकवण्याची वेळ ठरवून घ्या, मंगळवार-गुरुवार दुपारी एक तास, आणि इतर वेळी प्रश्न आला तर हसून ‘मंगळवारी विचार’.

शिकवलेल्या मुलांनी पहिल्या तीन महिन्यांत किती केसेस परत उघडल्या, म्हणजे सोडवल्या म्हणून बंद केल्या आणि ग्राहक पुन्हा आला, तेही नोंदवून ठेवा. तुम्ही न शिकवलेल्या मुलांचेही तेच आकडे सिस्टिममध्ये असतील. पुढच्या अप्रेझलला दोन्ही शेजारी ठेवता येतील.